स्टोनवेअर: हातघडणीच्या भांड्याची पारख

मातीची भांडी सगळी एका जातीची नसतात. कुंभारवाड्यातील माठ किंवा पणती साधारणपणे सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत भाजली जाते आणि तिचे अंग सच्छिद्र राहते. माठातले पाणी गार होते ते याच सच्छिद्रतेमुळे, कारण आतून पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगावर सुकताना उष्णता घेऊन जाते. कारखान्यातील कपबशी साच्यात ओतून किंवा यंत्रावर दाबून तयार होते आणि तिच्या एका नगाचा दुसऱ्या नगाशी फरक असू नये, हाच तिचा गुण मानला जातो. ‘स्टुडिओ पॉटरी’ या नावाने ओळखला जाणारा व्यवसाय या दोहोंहून वेगळा आहे. त्यात मातीचे मिश्रण, घडण, लेप आणि भाजणी या सर्व गोष्टी एकच व्यक्ती, किंवा एका छपराखाली काम करणारी मोजकी माणसे, स्वतः ठरवतात आणि स्वतःच पार पाडतात. त्यामुळे भांड्याच्या प्रत्येक गुणदोषाची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच येते. ही भांडी बहुधा स्टोनवेअर प्रकारची असतात. सुमारे १२०० ते १३०० अंशांवर मातीतील फेल्डस्पार हे खनिज वितळू लागते, कणांमधल्या पोकळ्या भरून काढते आणि भांड्याचे अंग दगडासारखे घट्ट होते. त्या मातीला स्टोनवेअर म्हणतात. मराठी घरांतील लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी कारखान्यातली असली तरी जातीने स्टोनवेअरच आहे, आणि मीठ, तेल व आंबट यांचा मारा ती वर्षानुवर्षे सहन करते याचे कारण ही घट्टपणाची प्रक्रियाच होय.

भारतात या व्यवसायाची मुळे कुंभारकामाच्या प्राचीन परंपरेत जितकी आहेत, त्याहून अधिक विसाव्या शतकातील एका प्रवासात आहेत. सरदार गुरचरण सिंग १९१९मध्ये जपानला गेले आणि तेथे त्यांचा बर्नार्ड लीच, शोजी हामादा व सोएत्सू यानागी यांच्याशी परिचय झाला. सामान्य वापराच्या भांड्यात सौंदर्य शोधणारी जी विचारधारा पुढे ‘मिंगेई’ या नावाने प्रसिद्ध झाली, तिची जडणघडण या मंडळींच्या हातून होत होती. लीच आणि हामादा यांनी १९२०मध्ये इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली. गुरचरण सिंगांनी भारतात परतल्यावर अनेक वर्षांच्या कामानंतर १९५२मध्ये दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी सुरू केली. मुंबईच्या कलाशाळेत १८७०च्या दशकातच जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने कुंभारकामाचा विभाग उघडला गेला होता आणि तेथील नक्षीदार भांडी परदेशी जात असत, परंतु तो प्रयत्न शोभेच्या वस्तूंपुरता राहिला. घरात रोज वापरायच्या भांड्याचा विचार त्यातून पुढे आला नाही. तो विचार महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत निर्मला पटवर्धन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. शांतिनिकेतनात कलाशिक्षण, जर्मनीत तंत्रशिक्षण आणि लीच यांच्याकडील अनुभव अशी तयारी करून त्यांनी भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि त्यांतून हाती आलेली प्रमाणे ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या पुस्तकात सर्वांसाठी खुली केली. आपली प्रमाणे गुप्त ठेवण्याची चाल ज्या व्यवसायात सर्वत्र होती, त्यात हे औदार्य असामान्य म्हटले पाहिजे.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी संस्था मात्र पुदुच्चेरीत उभी राहिली. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकन दांपत्याने १९७१मध्ये श्रीअरविंद आश्रमाच्या आधाराने गोल्डन ब्रिज पॉटरीची स्थापना केली. स्मिथ यांना जपानी भाषा अवगत होती आणि जपानमधील बिझेन या गावी, जेथे कोणताही लेप न देता केवळ लाकडाच्या ज्वाळांनी व राखेने रंगलेली भांडी बनतात, त्यांनी काम शिकले होते. मीकर यांनी वास्तुरचनेकडून मातीकामाकडे वळण घेतले होते. त्या काळी भारतात स्टोनवेअरसाठी तयार माती किंवा लहान भट्टी विकत मिळण्याची सोय जवळजवळ नव्हती, म्हणून मातीचे मिश्रण करण्यापासून भट्टीची वीट रचण्यापर्यंत सर्व काही जागेवरच उभे करावे लागले. पूर्व किनाऱ्यावर मुबलक वाढणाऱ्या सुरूच्या लाकडावर भट्ट्या पेटू लागल्या, आसपासची तरुण माणसे चाकावर बसायला शिकली आणि हळूहळू थाळ्या, वाट्या, किटल्या व पेले यांची एक ओळखू येणारी घडण तयार झाली.

भांडी विकून संस्था चालली, पण तिचे मोल तिने घडवलेल्या विद्यार्थ्यांत अधिक आहे. देशभरातून येथे शिकायला आलेल्या माणसांनी पुढे आपापल्या गावी भट्ट्या लावल्या. पुदुच्चेरी आणि शेजारचे ऑरोव्हिल हा परिसर आज भारतीय स्टुडिओ पॉटरीचे सर्वांत दाट केंद्र आहे. आणि २०१८मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरलेल्या पहिल्या भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकीच्या आयोजकांपैकी काही जणांचे शिक्षण याच अंगणात झालेले होते. मीकर यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कच्च्या विटांचे संपूर्ण घर बांधून, त्याच्या पोटात कच्ची भांडी व विटा रचून, ते घरच भट्टीसारखे भाजून काढण्याचे प्रयोग केले. हे प्रयोग सर्वत्र अनुकरणीय ठरले नाहीत, कारण सरपणाचा खर्च मोठा होता. तरीही माती आणि विस्तव यांच्याकडून किती काम करून घेता येईल याची सीमा इतक्या धिटाईने तपासणारा दुसरा प्रयोग भारतात सापडणे कठीण आहे.

भांड्याची किंमत ज्यांना अवाजवी वाटते, त्यांनी ते कसे घडते याचा क्रम एकदा समजून घ्यावा. माती प्रथम मळली जाते, जेणेकरून तिच्यात हवेचा बुडबुडा किंवा कठीण गुठळी राहू नये. फिरत्या चाकावर गोळा बरोबर मध्यभागी स्थिर करणे ही पहिली आणि सर्वांत अवघड पायरी असते. कोपरे मांडीला किंवा पोटाशी टेकवून हात निश्चल ठेवले, तरच गोळा डगमगणे थांबतो, आणि ही निश्चलता बळापेक्षा बसण्याच्या पद्धतीतून येते. मग अंगठ्याने मध्य उघडला जातो, आतली आणि बाहेरची बोटे समान दाबाने वर सरकतात आणि भिंत उभी राहते. भांडे अर्धवट सुकून कातड्यासारखे झाले, की ते उलटे ठेवून तळाची जादा माती तासली जाते आणि ज्या कड्यावर ते पुढे आयुष्यभर उभे राहणार, ते बुडाचे कडे कोरले जाते. सुकताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा ते तेरा टक्के आकसते, म्हणून किटली आणि तिचे झाकण एकाच मातीतून, एकाच बैठकीत करावे लागते; वेगवेगळ्या दिवशी केलेली दोन अंगे एकमेकांत नीट बसत नाहीत.

त्यानंतर दोन भाजण्या होतात. पहिली भाजणी सुमारे ९०० ते १००० अंशांची असते. तिने भांडे पक्के होते, परंतु पाणी शोषण्याइतके सच्छिद्र राहते, आणि म्हणूनच ते ग्लेझच्या पाण्यात बुडवले की त्याच्या अंगावर पुटाचा सारखा थर बसतो. ग्लेझ म्हणजे गारगोटी, फेल्डस्पार, चुना, चिनी माती किंवा लाकडाची राख यांचे पाण्यात कालवलेले मिश्रण. दुसऱ्या भाजणीत ते वितळून काचेचा पातळ थर बनते. रंगाचा निर्णय मात्र बराचसा भट्टीतील हवेवर असतो. धुराडे थोडे दाबून प्राणवायू अपुरा ठेवला, तर ज्वाळा ग्लेझमधील धातूंच्या संयुगांतून प्राणवायू ओढून घेतात: तेव्हा एक-दोन टक्के लोह असलेले ग्लेझ निळसर हिरवे होते आणि मोकळ्या हवेत हिरवा रंग देणारे तांबे रक्तासारखे लाल होते. आठ-दहा टक्के लोह असेल, तर जपानी चहाच्या पेल्यांवर दिसणारा काळा-तपकिरी रंग येतो. उष्णतेचा अंदाज घेण्यासाठी भट्टीत ‘कोन’ नावाचे लहान सुळके ठेवतात, जे ठरावीक उष्णता मुरल्यावर वाकतात. भोकातून डोकावून त्यांच्याकडे पाहत कारागीर रात्र काढतो. भट्टी निवायला ठेवल्यावरही घाई चालत नाही, कारण ५७३ अंशांच्या आसपास गारगोटीचे स्फटिक एकाएकी आकसतात आणि थंड हवेचा झोत लागलेले भांडे तेथेच तडकते. एका भट्टीतील काही भांडी चिरतात, काही वाकतात, काहींचे ग्लेझ ओघळून फळीला चिकटते, आणि या नुकसानीचा वाटा टिकलेल्या भांड्यांच्या किमतीत अपरिहार्यपणे येतो.

विकत घेताना भांडे आधी उलटे करून पाहावे. दर्शनी बाजू कोणीही सजवू शकतो, तळ मात्र कारागिराची सवय सांगतो. बुडाच्या कड्याला ग्लेझ नसते, तेव्हा मातीचा खरा रंग आणि पोत तेथेच उघडा दिसतो. कडे हाताला खरखरीत लागत असेल, तर टेबलाच्या लाकडावर चरे उमटणार हे समजावे. पेला हातात घेतल्यावर तो दिसतो त्यापेक्षा जड वाटू नये. तसा वाटला, तर तळाशी तासायची माती राहून गेली आहे. ओठाला लागणारा काठ किंचित गोलसर असावा. किटली घेताना तिच्यात पाणी घालून पाहण्याची परवानगी मागण्यात संकोच नसावा, कारण ओतून झाल्यावर चोचीवरून ओघळणारा थेंब हा दोष केवळ पाहून कळत नाही. संत गोरा कुंभाराने थापटण्याने संतमंडळींचे कच्चे-पक्केपण तपासल्याची कथा मराठी माणसाला ठाऊक आहे. बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची ती पारख स्टोनवेअरलाही लागू पडते. चांगले भाजलेले, न चिरलेले भांडे स्वच्छ नाद देते आणि अदृश्य चीर गेलेले भांडे बद्द वाजते.

अन्नासाठी घ्यायच्या भांड्याबाबत ग्लेझ शिशाविरहित आहे काय, असा सरळ प्रश्न विचारावा. कमी उष्णतेवर वितळणाऱ्या काही ग्लेझांत शिसे वापरले जात आले आहे आणि चिंच, कोकम, लिंबू, व्हिनेगर अशा आंबट पदार्थांनी ते सुटू शकते. शिसे शोधण्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते, परंतु ग्लेझ कितपत टिकाऊ आहे याची ढोबळ परीक्षा घरीही होते: लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवावी, आणि सकाळी तेथे रंग फिका किंवा पृष्ठभाग निस्तेज दिसला, तर ते भांडे फुलांसाठी ठेवून द्यावे.

निगा राखणे कठीण नाही, फक्त स्टोनवेअरचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ते १३०० अंश सोसून आलेले असले तरी ती उष्णता त्याने तासन्‌तास हळूहळू पचवलेली असते. एकाएकी बदललेले तापमान त्याला मानवत नाही. म्हणून शीतकपाटातील वाडगा थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, तो गॅसच्या ज्योतीवर कधीही चढवू नये, आणि चहा ओतण्यापूर्वी किटली कोमट पाण्याने विसळून घ्यावी. ग्लेझवर केसासारख्या बारीक रेषांचे जाळे दिसले, तर ग्लेझ आणि माती यांच्या आकसण्यात मेळ नव्हता असे समजावे; घट्ट भाजलेल्या अंगावर ते बहुधा निरुपद्रवी असते, परंतु कमी भाजलेल्या भांड्यात त्या रेषांतून पाणी शिरते, डाग पडतात आणि असे भांडे मायक्रोवेव्हमध्ये अन्नापेक्षा स्वतःच अधिक तापते. खरखरीत बूड बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासल्यास गुळगुळीत होते. सोन्याची रेघ असलेली भांडी मायक्रोवेव्हपासून दूरच ठेवावीत. मात्र या काळजीपोटी भांडे काचेच्या कपाटात बंद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याचा काठ, कान आणि वजन या सर्वांचा विचार वापरणाऱ्या हातासाठीच झालेला असतो.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आज वाटा अनेक आहेत. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित हे बिहारमधील पारंपरिक कुंभार कुटुंबातून आले आणि २०१३मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. त्यांच्या कामात कुंभाराचे चाक आणि स्टुडिओतील स्टोनवेअर यांची प्रत्यक्ष भेट झालेली दिसते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्था आहे, हिमाचलातील अंद्रेट्टा येथे गुरचरण सिंगांच्या कुटुंबाने चालवलेली पॉटरी आहे, आणि मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारचे वर्ग मिळतात. ज्यांच्याकडे चाक नाही त्यांनी थांबू नये. अंगठ्याने गोळा दाबत केलेली वाटी, वळ्या रचून उभारलेला घट आणि लाटलेल्या पाटीतून कापलेली थाळी या तीन पद्धतींतून मातीचा स्वभाव चाकाइतकाच चांगला कळतो. घरी काम करणाऱ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: सुकलेल्या मातीची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्यातील सूक्ष्म सिलिका वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो.

वर्ग निवडताना चाकांची संख्या किंवा प्रदर्शनी कपाट पाहण्यापेक्षा भट्टीबद्दल विचारणे उपयोगाचे ठरते. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी ओला पेला शिक्षकांच्या हाती देतो आणि काही आठवड्यांनी तो चकचकीत होऊन परत मिळतो. मधले सर्व ज्ञान त्याच्यापासून झाकलेले राहते. ज्या जागी विद्यार्थ्याला ग्लेझ कालवू देतात, भट्टी रचू देतात, कोन वाकेपर्यंत शेजारी बसू देतात आणि बिघडलेले भांडे कशामुळे बिघडले हे सांगतात, त्या जागी शुल्क अधिक असले तरी प्रवेश तेथेच घ्यावा.