‘१-१/८ इंच’ हे अर्धंच उत्तर : जुन्या एमटीबीसाठी हेडसेट कसा निवडायचा?

कानात हेडसेट घालून हा एपिसोड ऐकला असेल तर गंमत वाटली असेल, कारण विषयही हेडसेटच होता. फक्त सायकलचा. ज्यांना मोबाईलवर शांतपणे वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी तोच एपिसोड इथे लिहून देतोय.

दादा नोकरीसाठी बाहेर गेला तेव्हा त्याची एमटीबी माझ्याकडे आली. साधारण पंधरा वर्षं जुनी. एका रविवारी सिंहगडावरून उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलमधून टक-टक असं काहीतरी जाणवायला लागलं. उतारावर, वळणावर हँडल असं बोलायला लागलं की पोटात गोळा येतो.

घरी येऊन दोन गोष्टी तपासल्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली आणि फ्रेम व फोर्क जिथे जुळतात तिथे बोट ठेवलं. तिथे चक्क हालचाल होती. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं, तर बरोबर मध्यभागी ते खटकन अडकायचं. म्हणजे बेअरिंग जिथे फिरतात त्या पृष्ठभागावर खड्डे पडलेत. हे कितीही आवळून सुटत नाही, हेडसेट बदलावाच लागतो.

मी काय केलं? जुना स्टेम काढला, फोर्कची नळी मोजली, ‘१-१/८ इंच’ असं लिहिलेला हेडसेट ऑनलाइन मागवला. आला, तर त्याचे कप फ्रेममध्ये जाईनात. थोडेथोडके नाही, १० मिलिमीटरने मोठे! एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, ‘फ्रेम जुनी झाली, भंगारात द्या.’ दादाची सायकल भंगारात? तिथून हा सगळा अभ्यास सुरू झाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हेडसेट म्हणजे अडॅप्टर. एक बाजू फ्रेमला जोडायची, दुसरी फोर्कला. ‘१-१/८’ हा आकडा फक्त फोर्कच्या बाजूचा आहे. फ्रेमच्या बाजूबद्दल तो काहीच सांगत नाही. मी अर्धाच इंटरफेस तपासून ऑर्डर टाकली होती.

तर मोजायचं काय, ते क्रमाने बघू.

पहिलं, आट्यांचा की बिनआट्यांचा? स्टेम फोर्कच्या नळीच्या आत जात असेल आणि त्याखाली मोठे नट दिसत असतील तर आट्यांचा, म्हणजे थ्रेडेड. स्टेम नळीला बाहेरून पकडत असेल आणि वर छोट्या बोल्टची टोपी असेल तर थ्रेडलेस. थ्रेडलेस प्रकार १९९० च्या दशकात रुळला. लक्षात ठेवा, हे फ्रेमवर नाही, फोर्कवर ठरतं.

दुसरं, फोर्कच्या नळीचा बाहेरचा व्यास. २५.४ मिमी म्हणजे १ इंच, २८.६ म्हणजे १-१/८, आणि काही जुन्या एमटीबींना ३१.८ म्हणजे १-१/४.

तिसरं, आणि इथेच मी फसलो, फ्रेमच्या हेडट्यूबचा आतला व्यास. जुने कप काढून व्हर्निअर कॅलिपरने आडवा आणि उभा, दोन्हीकडून मोजा. १-१/८ च्या जुन्या फ्रेममध्ये तो बहुतेक वेळा ३४ मिमीच्या आसपास असतो. नंतरच्या जाड हेडट्यूबमध्ये ४४. कप भोकापेक्षा किंचित मोठा असतो, जेमतेम ०.१ मिमीने, म्हणून तो घट्ट बसतो. त्यामुळे शाळेतली पट्टी इथे कामाची नाही. १ इंची प्रकारात तर ३०.२ आणि ३०.० असे दोन वेगळे कप असतात!

चौथं, फोर्कच्या तळाशी क्राऊन रेस बसते ती जागा. १-१/८ ला ३० मिमी. १ इंचीला २६.४ किंवा २७.

पाचवं, उंची. थ्रेडेड असेल तर नव्या हेडसेटची एकूण उंची जुन्यापेक्षा जास्त नको, नाहीतर वरच्या नटाला आटेच उरत नाहीत. थ्रेडलेसमध्ये थोडाफार फरक स्पेसरने भरून निघतो.

आता कोड वाचा. ‘ईसी’ म्हणजे कप फ्रेमच्या बाहेर दिसतो, ‘झेडएस’ म्हणजे बेअरिंग हेडट्यूबच्या आत दडलेलं. त्यापुढचा आकडा फ्रेमचा, तिरक्या रेघेनंतरचा फोर्कचा. वरचा आणि खालचा कोड वेगळा असतो. माझ्या सायकलला हवा होता वर ईसी ३४/२८.६ आणि खाली ईसी ३४/३०. मी मागवला होता झेडएस ४४.

एक गोष्ट विसरू नका. मोठ्या भोकात छोट्या फोर्कसाठी जुळणारे कप मिळतात, पण छोटं भोक मोठं करता येत नाही. म्हणून ३४ मिमीच्या हेडट्यूबमध्ये खाली जाड होत जाणारा नवा टेपर्ड फोर्क बसत नाही. सेलमध्ये दिसला तरी हात आवरा.

कप बसवताना हातोडा नको. हेडसेट प्रेस असलेलं दुकान शोधा. कप तिरका जायला लागला तर तिथेच थांबा, कारण जबरदस्ती केली तर हेडट्यूबचं भोक लंबगोल होतं आणि मग फ्रेम खरंच भंगारात जाते.

शेवटी थ्रेडलेसची जुळवणी. स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले असतानाच वरची टोपी आवळा, हालचाल थांबेपर्यंत पण हँडल मोकळं फिरेल इतकीच. मग बाजूचे बोल्ट घट्ट करा. फोर्कला धरून ठेवतात ते हे बोल्ट, टोपी नाही.

गेल्या रविवारी परत सिंहगड केला. उतरताना पुढचा ब्रेक दाबला, हँडल गप्प. खाली पोचल्यावर दादाला व्हॉइस नोट पाठवली : ‘तुझी सायकल अजून चालतेय.’

तर मंडळी, आधी कॅलिपर, मग कार्ट. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!