धार-देवासची बाभूळ

एकेकाळी पवारांचं राज्य असलेल्या धार-देवासच्या परिसरात, माळव्याच्या काळ्या मातीत बाभूळ मुबलक. अमेरिकेतला रोबिनिया तिचाच शेंगावर्गीय नातेवाईक. त्याचे कुंपणाचे खांब वर्षानुवर्षे जमिनीत टिकतात. दोघांचंही बळ खोडाच्या गाभ्यात. तिथल्या पेशी मेलेल्या असतात. बाभळीत त्यांमध्ये टॅनिनसारखी द्रव्यं साठतात आणि ती बुरशीला, किडीला मानवत नाहीत. बाहेरचं फिकट लाकूड मात्र त्यातल्या पिष्टामुळे भुंगेऱ्यांचं खाद्य. म्हणून जुने सुतार ओंडके महिनोन्‌महिने पाण्यात मुरवत. पिष्ट घटे, पोखर टळे. किती नेमकी समज ही! मग त्यातून गाडीचे आरे, नांगर, कुळव घडत. धार जिल्ह्यातल्याच मांडूची गोरखचिंच याउलट: खोड अवाढव्य, पण लाकूड स्पंजासारखं मऊ, पाणी साठवणारं, सुताराला त्याचा काही उपयोग नाही.