शून्य रुपयांची नोट

मला नोटा जमविण्याचा छंद आहे असे म्हटले की पाहुण्यांचे डोळे चमकतात. वही उघडली की मात्र ते चहाची आठवण काढतात! कारण माझ्या नोटा कोणत्याच सरकारने काढलेल्या नाहीत. हे अंटार्क्टिकाचे डॉलर पाहा. १९९६ पासून हौशी मंडळींनी ते खाजगीरीत्या छापून विकले. तिथे ना राजा, ना मध्यवर्ती बँक. पण नोटेवर पेंग्विन कसा ऐटीत उभा!

शेजारच्या पानावर शून्य रुपयांची नोट. ‘फिफ्थ पिलर’ या तामिळनाडूतील संस्थेने २००७ पासून ती वाटली. थाट पन्नासच्या नोटेचा, गांधीजीही तेच. वचन तेवढे निराळे – लाच घेणार नाही, देणार नाही. कोणी ‘चहापाणी’ मागितले की ही त्याच्या हातावर ठेवायची. आम्हा छंदवाल्यांत कोऱ्या नोटेला मान. घडी पडली की भाव उतरतो. माझी अगदी कोरी होती.

गेल्या वर्षी एका उताऱ्यासाठी कचेरीत तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेस ती मुद्दाम खिशात घेतली.

“काका, काहीतरी बघा की,” कारकून हळूच म्हणाला.

हात खिशात गेला. ही दिली तर वहीतली जागा रिकामी राहील, अशी मी मनाची समजूत घातली आणि पाचशेची काढली. उतारा लगेच मिळाला.

“दिलीत का हो ती?” घरी सौ.ने विचारले.

मी न बोलता नोट वहीत परत ठेवली. तिला मधोमध एक घडी पडली आहे.