पुणेरी पलटणचा हिशेब: महागडा माणूस घ्यायचा की पोरं घडवायची?

मागच्या व्हिडिओनंतर दौंडकडच्या एका भावाचा प्रश्न आला. "सर, बेकरी टाकतोय. भांडवल ५ लाख. पुण्यातला एक नावाजलेला कारागीर तयार आहे, पण महिना ४५ हजार मागतोय. घेऊ का?"

मी त्याला उलट विचारलं, कबड्डी बघतोस का? तो म्हणाला, बघतो की, पलटणची एकही मॅच सोडत नाही. मग म्हटलं, तुझं उत्तर तुझ्या टीमच्या रेकॉर्डमध्येच आहे. फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

प्रो कबड्डी लीग सुरू झाली २०१४ च्या जुलैमध्ये, ८ संघ घेऊन. पुणेरी पलटण पहिल्या दिवसापासून त्यात आहे. पहिल्या पर्वात आपण कितवे आलो? आठवे. दुसऱ्या पर्वात? परत आठवे. म्हणजे सलग दोन वर्षं शेवटून पहिला नंबर, आणि तोही त्या पुण्याचा, जिथे गल्लोगल्ली कबड्डीचे संघ आहेत. तिकडे मुंबईचा संघ दोन्ही वर्षी फायनल खेळला आणि दुसऱ्या वर्षी कप घेऊन गेला. पुण्याच्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

तिसऱ्या पर्वात मनजीत छिल्लर कप्तान म्हणून आला आणि गाडी रुळावर आली. तिसऱ्या आणि चौथ्या पर्वात पलटण तिसरी. २०१७ मध्ये संघ ८ चे १२ झाले, दीपक हुडाच्या कप्तानीत आपण प्लेऑफला पोहोचलो, पण पाटण्यापुढे थांबलो. २०१८ च्या लिलावात नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख लावले. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती. निकाल? त्या पर्वात प्लेऑफसुद्धा नाही. पुढच्या वर्षी १२ मध्ये दहावे.

आता इथे गैरसमज नको. नितीन तोमर वाईट खेळाडू होता असं मी म्हणत नाहीये. चढाईला जाणारा एकच असतो, पण मॅटवर माणसं ७ उतरतात. एकावर पैसा गेला की बाकीच्या सहा जागा कशा भरायच्या, हा खरा प्रश्न असतो.

कोरोनानंतरचं आठवं पर्व सगळं बंगळुरूत झालं. पलटणकडे नितीन तोमर आणि राहुल चौधरी अशी मोठी नावं होती. पण प्रत्यक्षात चढाईचा भार उचलला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन पोरांनी. हे लिलावात कोटी देऊन आणलेले नव्हते. फ्रँचायझीच्या 'युवा पलटण' या तयारीच्या संघातून वर आलेले. अस्लम तर आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला.

धंद्याच्या नजरेने यातली एक गोष्ट समजून घ्या. लीगमध्ये प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. दहाव्या पर्वात ती ५ कोटी होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याच्या वर जाता येत नाही. नवोदित खेळाडू लिलावाबाहेरून घेता येतात, त्यांचं मानधन कमी असतं आणि ठराविक काळ ते संघाकडेच ठेवता येतात. म्हणजे जो संघ पोरं स्वतः घडवतो, त्याच्याकडे लिलावाच्या दिवशी अर्धा संघ तयार असतो आणि खिशात पैसेही शिल्लक असतात.

नवव्या पर्वात, २०२२ ला, प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले. यांनीच २०१९ ला बंगाल वॉरियर्सला कप मिळवून दिला होता. पलटण ८० गुण घेऊन गुणतक्त्यात दुसरी आली आणि पहिल्यांदा फायनलला पोहोचली. मुंबईत जयपूरकडून ३३-२९ ने हरली. अस्लम दुखापतीमुळे त्या फायनलला नव्हता. चार गुणांनी कप गेला. मी त्या रात्री दुकानाचं शटर खाली ओढलं आणि जेवलोच नाही.

आणि मग दहावं पर्व. २२ सामने, १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ पराभव. गुण ९६. हे गुण कसे झाले ते बघा, हिशेब शिकण्यासारखा आहे. त्या पर्वात विजयाला ५, बरोबरीला ३, आणि ७ किंवा त्यापेक्षा कमी फरकाने हरलं तर १ गुण मिळायचा. सतरा पंचे ८५, तीन त्रिक ९, झाले ९४. वरचे २ कुठून आले? दोन्ही पराभवांतून. म्हणजे हा संघ पूर्ण साखळीत एकदाही मोठ्या फरकाने हरला नाही. मंदीच्या महिन्यातसुद्धा दुकान तोट्यात किती जाऊ द्यायचं, यावर ज्याचा हात असतो तो टिकतो. मी हे क्लासमध्ये नेहमी सांगतो, पोरं वहीत लिहून घेतात आणि विसरतात.

सेमीफायनलला पाटण्याला ३७-२१ ने झोडपलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध फायनल. २८-२५. पंकज मोहितेने ९ गुण काढले. दहा वर्षांनी कप पुण्याला आला, अस्लमच्या कप्तानीत.

तुम्ही म्हणाल, सर, पण त्या वर्षी पलटणने इराणच्या शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं की! बरोबर. ५ कोटीतले २.३५ म्हणजे ४७ टक्के एका माणसावर. आणि तो पैसा वसूलही झाला, त्या पर्वात सगळ्यात जास्त पकडी त्याच्याच नावावर, ९९ गुण.

पण त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. म्हणजे ५२ टक्के. पवन हा देशातल्या सगळ्यात भारी चढाईपटूंपैकी एक, त्यात शंका नाही. टायटन्स कितवे आले? बारावे, म्हणजे शेवटचे. २२ पैकी २ विजय, २१ गुण.

दोघांनी जवळपास निम्मं भांडवल एका माणसावर लावलं. एक पहिला, एक शेवटचा. फरक त्या एका माणसात नव्हता. पलटणकडे शादलुई यायच्या आधी अस्लम, मोहित, पंकज, अभिनेष, गौरव खत्री, संकेत सावंत ही माणसं एकमेकांच्या सवयीची झालेली होती. शादलुई तयार घरात आला. पवनला घरच बांधायचं होतं.

पुढचं तर अजून बोलकं आहे. अकराव्या पर्वाआधी शादलुई पलटणकडून गेला. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. पलटणमध्ये अस्लम जखमी झाला, संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही. फायनल आपल्याच बालेवाडीत, २९ डिसेंबर २०२४ ला, आणि कप उचलला हरियाणाने. बाराव्या पर्वात शादलुई गुजरातकडे, २ कोटी २३ लाखांना. यावेळी गुजरात पहिल्या आठांतही नाही. माणूस तोच, दर जवळपास तोच, पण तीन दुकानांत निकाल एकसारखा नाही. आणि पलटण? शादलुई नसताना परत फायनलला. दिल्लीत दिल्लीकडून ३१-२८ ने हरली, पण पोचली.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. कासुर्डीत हायवेलगत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान सुरू केलं तेव्हा मीही एक 'स्टार' आणला होता. हात सोन्याचा, शंकाच नाही. जळालेली सबमर्सिबल दुपारपर्यंत चालू करून द्यायचा. पगार माझ्या घरखर्चापेक्षा जास्त. दुकानात गावची दोन पोरं होती, त्यांच्याकडून मी फक्त मोटार उचलणं, उघडणं आणि चहा आणणं एवढंच करून घेतलं. वाइंडिंगला त्यांना हात लावू दिला नाही, कारण काम बिघडेल याची भीती. ऐन एप्रिलमध्ये, उसाला पाणी द्यायच्या दिवसांत, त्याला दुसरीकडे जास्त पैसे मिळाले आणि तो गेला. त्याची चूक नाही, मीही गेलो असतो. दुकानात १९ मोटारी पडून, शेतकरी दारात उभे. एक आजोबा काही बोलले नाहीत, नुसते मोटारीवर हात ठेवून बसून राहिले. ऊस वाळत होता त्यांचा. मी १९ पैकी १४ मोटारी तशाच परत केल्या. त्यातली किती गिऱ्हाइकं परत आली ते विचारू नका.

त्यानंतर त्याच दोन पोरांना शिकवलं. पहिले चार महिने तार वाया गेली, ती मी खर्चात 'शिक्षण' म्हणून वेगळी लिहिली. आज एकाचं स्वतःचं दुकान आहे, दुसरा माझ्याकडेच आहे.

आता बेकरीवाल्या भावाकडे येऊ. तुझा हिशेब तू सांगितलास तो असा: भट्टी, मिक्सर, ट्रे मिळून २ लाख ६० हजार. डिपॉझिट ६० हजार. मैदा, तूप, साखरेचा पहिला माल ५० हजार. गेले ३ लाख ७० हजार, उरले १ लाख ३० हजार. कारागिराचे तीन पगार होतात १ लाख ३५ हजार. म्हणजे विक्री जमली नाही तर तिसऱ्या पगारालाच ५ हजार कमी पडतात, आणि यात लाईट बिल धरलेलंच नाही. वर एक गोष्ट लक्षात ठेव, लीगमध्ये पुढच्या हंगामाला प्रत्येक संघाला लिलावासाठी परत नवी मर्यादा मिळते. तुझे ५ लाख परत येणार नाहीत.

म्हणून माझं मत असं. कारागीर घे, पण आठवड्यातून तीन दिवस, आणि खारी, टोस्ट, नानकटाई एवढ्यापुरताच. केकचं नंतर बघू. त्याच्याशी आधीच बोलून घे की दोन पोरांना शिकवायचं आहे, त्याचे वेगळे पैसे दे, लपवाछपवी नको. प्रत्येक मालाचं वजन-माप आणि भट्टीची वेळ तुझ्या वहीत तुझ्या हाताने लिहिलेली पाहिजे. आणि त्याच्या भावाला, मेहुण्याला तुझ्याकडे लावू नकोस, नाहीतर एक गेला की तिघं जातात.

तो तीन दिवसांना तयार होतो का, हे अजून कळायचंय. गुरुवारी भाऊ दुकानावर येतोय, त्याला म्हटलंय येताना कारागिरालाही घेऊन ये.