पंपाची किंमत आणि पाण्याचा खर्च

अमरावतीकरांच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पोहोचवते. अकोल्यात मात्र काटेपूर्णा नदीवरील महानच्या धरणातून पाणी उपसणे, शुद्ध करणे आणि घरोघर वाटणे हा सारा भार महानगरपालिकेच्याच शिरावर असल्यामुळे, पंपापासून तुरटीपर्यंत हरएक जिन्नस तिच्याच तिजोरीतून खरेदी होतो.

या खरेदीस १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाची चौकट आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, १६ सदस्यांची स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा मंजुरी देते. आणि निविदा दोन लिफाफ्यांची असेल, तर बयाणा रक्कम भरलेल्या पुरवठादारांचा तांत्रिक लिफाफा प्रथम उघडून, जे त्यात पात्र ठरतील त्यांचेच दर पुढे उघडले जातात, की ज्यायोगे स्वस्ताईच्या मोहाने गुणवत्तेकडे डोळेझाक होऊ नये.

तथापि पात्रांपैकी सर्वांत कमी दराचा पंप हाच सर्वांत स्वस्त, असे गणित सांगत नाही. १०० किलोवॅट वीज ओढणारा पंप रोज २० तास चालला, तर २,००० युनिटे खर्ची पडतात. तितकेच पाणी ५ टक्के कमी विजेत उपसणारा पंप रोज १०० युनिटे, म्हणजे वर्षाकाठी ३६,५०० युनिटे वाचवतो. सबब, दरांची तुलना करताना यंत्राच्या आयुष्यभराचे वीजबिल आणि दुरुस्तीखर्चही हिशेबात धरण्याची अट निविदेच्या मसुद्यातच घातली पाहिजे. कारण निविदा उघडल्यावर ती घालता येत नाही.