रक्ताच्या अहवालातील जुनी नक्कल

देगलूरला असो वा पुण्याला, थॅलेसेमियाची तपासणी केली की अहवालात 'एचबी-ए२' अशी एक ओळ येते. प्रौढांत हे प्रमाण साधारण २ ते ३ टक्के असते. ३.५ च्या वर गेले, तर ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक असू शकते. लग्न ठरवताना दोघांचीही ही ओळ पाहावी, पत्रिकेआधी पाहिली तर उत्तमच. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

हे एचबी-ए२ म्हणजे एका जुन्या नकलेची करामत. हिमोग्लोबिनच्या बीटा जनुकाची फार पूर्वी दुसरी प्रत झाली, ती डेल्टा. दोघांची प्रथिने संगणकावर एकाखाली एक मांडली, तर १४६ पैकी फक्त १० ठिकाणी फरक दिसतो. असे फरक मोजूनच नकलेचे वय काढतात. पण हिशेब फसतोही. शेजारची जनुके एकमेकांचा मजकूर उतरवून घेतात आणि जुनी जोडी नवी भासू लागते. गर्भातील हिमोग्लोबिनच्या दोन गॅमा जनुकांत हे १९८० मध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांच्या गटाने दाखवले. त्यामुळे आता जनुकाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वंशावळ वेगळी तपासतात.

जन्मानंतर ही गॅमा जनुके जवळजवळ झोपी जातात. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया त्यांनाच थोडेफार जागे करते.