विश्लेषण : छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेने पुण्याला जायला एवढा वळसा का?

छत्रपती संभाजीनगर ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे २३५ किलोमीटर. रेल्वेने जायचे तर ते चारशेच्या घरात जाते. त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा उपचारांसाठी पुण्याला निघालेला माणूस बहुधा रेल्वे स्थानकाकडे वळतच नाही. तो एसटी किंवा खासगी बस गाठतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थानकाचे नाव बदलले, ‘एडब्ल्यूबी’ हा संकेतांक जाऊन ‘सीपीएसएन’ आला. मार्ग मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी आखला तोच आहे.

मार्ग असा का आखला गेला?

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली ती निजामाच्या संस्थानाला मुंबईच्या मुख्य मार्गाशी जोडण्यासाठी. त्यासाठी मनमाड हे सोयीचे ठिकाण होते. पुणे त्या हिशेबात नव्हतेच. शिवाय ही लाइन मीटरगेज आणि मनमाडची ब्रॉडगेज, म्हणजे मनमाडला उतरून गाडी बदलणे आलेच. रूंदीकरणासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने दीर्घ लढा दिला, आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आले. दिशा तीच राहिली. आजही पुण्याची गाडी आधी वायव्येला अंकाई-मनमाडकडे जाते आणि मग दक्षिणेला अहिल्यानगर, दौंड करत पुण्याला पोहोचते. अहिल्यानगरमार्गे थेट लोहमार्गाची मागणी त्यामुळेच जुनी आहे.

गाड्या का वाढत नाहीत?

मुंबईसाठी देवगिरी, तपोवन, नंदीग्राम, जनशताब्दी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत नेण्यात आली. पण या गाड्या नांदेड, हिंगोली, हैदराबादकडून येतात. शहरातून सुटणारी गाडी हवी तर डब्यांची देखभाल करणारी पिटलाइन लागते. तिचे भूमिपूजन व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. मराठवाड्याची राजधानी म्हणवणाऱ्या शहराला याची एवढी वाट पाहावी लागली, हे नवलच.

दुसरी अडचण एकेरी मार्गाची. समोरून गाडी आली की एकीला स्थानकात थांबावे लागते, आणि एक गाडी उशिरा धावली की मागच्या-पुढच्या गाड्यांचे वेळापत्रकही कोलमडते. अंकाई ते छत्रपती संभाजीनगर या सुमारे ९८ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी आहे. पुढच्या परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरना केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यातच हे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आणि मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. नवी गाडी मागायची तर दोन झोनची दारे ठोठवावी लागतात.

स्थानकाबाहेर आल्यावर काय?

मध्यवर्ती बसस्थानक दीड-दोन किलोमीटरवर, चिकलठाणा विमानतळ सुमारे दहा किलोमीटरवर. वेरूळ ३० आणि अजिंठा १०० किलोमीटरवर. दोन्हींकडे रेल्वे नाही. शहर बस आहे, पण रात्री-अपरात्री बॅगा घेऊन उतरलेल्या कुटुंबाला रिक्षावाल्याशी घासाघीस करूनच पुढे जावे लागते. जालना-जळगाव या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. अजिंठ्याला रेल्वे जवळ येईल ती त्या बाजूने, या स्थानकातून नव्हे.

जपानच्या कानाझावा शहराशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. लोकसंख्येने ते आपल्या शहरापेक्षा बरेच लहान, तरी स्थानकाच्या पूर्व दारातून बाहेर पडले की समोरच बस टर्मिनल. मार्च २०२४ मध्ये शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली आणि कानाझावाहून ओसाकाला जाणाऱ्यांची थेट गाडी गेली. आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. तिथेही प्रवासी कुरकुरलेच. पण तिथे वरच्या मजल्यावर शिंकान्सेन आणि खालच्या मजल्यावर ओसाकाची गाडी अशी रचना केली आहे. दोन्ही गाड्यांच्या वेळा जुळवल्या आहेत, त्यामुळे बदल काही मिनिटांत होतो. मनमाडला गाडी बदलणाऱ्या मराठवाड्यातल्या प्रवाशाला पुढची गाडी कधी मिळणार, हे आधीची गाडी किती उशिरा पोहोचते त्यावर ठरते.